आवाजांची वही

घर बघायला गेले की मी आधी भिंती बघत नाही, खोल्या मोजत नाही, पाण्याचं विचारत नाही. प्रत्येक खोलीच्या मधोमध दहा दहा मिनिटं उभी राहते. एजंट लोकांना हे आवडत नाही. एकाने तर मला विचारलं होतं, मॅडम, वास्तूवाल्या आहात का. मी म्हटलं, नाही, भाडेकरू आहे.

बेंगळुरूत सहा वर्षांत मी पाच घरं बदलली. पहिलं घर शेजारच्या बोअरवेलच्या मोटरमुळे सोडलं, दुसरं खालच्या लॉंड्रीच्या वासामुळे. तिसऱ्यात जिन्यातला दिवा फडफडायचा, तो बदला म्हणून सांगितलं तर मालकीणबाई म्हणाल्या, फडफडतोय कुठे. चौथ्याचं आणि पाचव्याचं सांगत बसत नाही, तेही असंच काहीतरी होतं. माझे कान काही तीक्ष्ण नाहीत, तपासून घेतलेत, नॉर्मल आहेत. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते असं, की बाकीच्यांच्या डोक्यात एक गाळणी असते आणि माझ्या डोक्यात ती नाही. सगळं आत येतं. ऑटिझम आहे हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. तोवर घरात त्याला शालूची नाटकं म्हणायचे.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू नाटकं नव्हती करत." बस, एवढंच. पण पुढच्या वेळी मी नागपूरला घरी गेले तर माझ्यासाठी आणलेल्या दोन नव्या कुर्त्यांची मानेजवळची लेबलं त्यांनी अर्ध्या ब्लेडने, एकही धागा न ओढता, काढून ठेवली होती. लहानपणी त्याच लेबलांवरून मी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता. माफी मागायची त्यांची ती पद्धत आहे आणि मला ती पुरते.

वहीची कल्पना त्याच डॉक्टरबाईंची. त्रास देणारा प्रत्येक आवाज लिहायचा आणि त्याला एक ते दहा गुण द्यायचे. दहा म्हणजे असह्य. एकच अट, खरं लिहायचं, कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. मला ती अट फार आवडली. मी नोकरीत हेच करते. होसकोटेच्या एका प्रयोगशाळेत पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन किती आवाज करतात ते मोजते. आठवड्यातून दोन दिवस कंपनीच्या गाडीने तिथे जायचं, बाकीचे दिवस घरून रिपोर्ट लिहायचे.

सहावं घर येलहंका न्यू टाउनमध्ये मिळालं. दुसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेला गॅलरी. खालच्या मजल्यावर मालकाचं बंद गोदाम. मालक मल्लाप्पा, साठीचे, तोडकंमोडकं हिंदी बोलणारे. मी खोल्यांमध्ये उभी राहिले तशी तेही दारात उभे राहिले, घाई केली नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "स्वल्प शांत आहे घर. चालेल?"

मी म्हटलं, मला तेच हवंय.

"घरात लहान मूल?"

"नाही. मी आणि माझे वडील."

"सरी, ठीक," ते म्हणाले, आणि किल्ली दिली. लहान मूल नको म्हणणारे मालक असतात, भिंतींवर रेघोट्या नको असतात त्यांना. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाबा मे महिन्यात आले. आई गेल्यावर दोन वर्षं ते नागपूरला एकटे राहिले, मग गुडघे जवाब देऊ लागले. माझा धाकटा भाऊ सुशांत पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, बाबांनी त्याच्याकडे यावं. बाबांचं म्हणणं, शालूकडे. सुशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, राग मानू नको, पण तुझं तुलाच सांभाळता सांभाळता पुरेवाट होते. सहा महिने बघू. जमलं नाही तर मी त्यांना घेऊन जाईन." मी राग मानला. पण अट मान्य केली, कारण बाबा माझ्याकडे राहायला हवे होते. मला समजून घ्यायला त्यांना तीस वर्षं लागली होती. आता कुठे ते माझ्या बाजूला आले होते, आणि मला त्यांना कुठेही पाठवायचं नव्हतं.

बाबा, म्हणजे भगवंतराव, टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर तारेवरून "हॅलो, हॅलो" ओरडून त्यांचा आवाजच तसा झालाय. शेजारच्या खोलीतून हाक मारायची तरी चंद्रपूरला ऐकू जाईल अशी मारतात. त्यात सकाळचा खोकला, बशीतून चहाचे भुरके, आणि दुपारी चार वाजता स्वतः चहा करायचा हट्ट. मी जूनमध्ये वही नवी केली तेव्हा खरंच लिहिलं. मागच्या बाजूच्या शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, दहा. कुकरची शिट्टी, नऊ. विमानं, आठ, हवाई दलाचा तळ जवळ असल्यामुळे ती सकाळी खूप खालून जातात. बाबांचा खोकला, सात. काम चालू असताना बाबांची 'शालू' अशी हाक, सहा. आणि मग पुढे भुरके, फ्रिज, पाल.

तीन जुलैला मोटर बंद झाली. मागच्यांनी नवी बसवली असेल असं मला वाटलं. बरं वाटलं, वहीत तारीख टाकली आणि ओळीवर काट मारली.

बारा जुलैला वरण-भात लावला होता. कुकरवर वाफेचा फवारा उडाला, शिट्टी वर उचलली गेली, भिंतीवर थेंब उडाले. आवाज आला नाही. मी गॅस बंद केला, थंड झाल्यावर शिट्टी धुतली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी नवी शिट्टी आणली. तीही वाजली नाही.

बाबा म्हणाले, "माझे कान गेले वाटतं बेटा. कुकर झाला तरी कळून नाही राहिलं."

"माझेही गेले मग," मी म्हटलं. त्यांना ते गमतीचं वाटलं.

मी प्रयोगशाळेतून साउंड मीटर घरी आणला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुकरपासून एक मीटरवर, तिकाटण्यावर लावला. शांत असताना आकडा सव्वीस डेसिबल. शिट्टी उचलली गेली, वाफ छताला लागली, आकडा सव्वीस. तोच कुकर मी टॉवेलमध्ये गुंडाळून होसकोटेला नेला आणि पॅंट्रीत शिजवला. एक्क्याऐंशी. पॅंट्रीतली बाई दचकली आणि मीही दचकले. घरी आणला, सव्वीस.

एकवीस जुलैला विमानं गेली. म्हणजे उडत होतीच, गॅलरीतून मला दिसत होती, आणि काचेवर बोट ठेवलं तर काच नेहमीसारखी थरथरत होती. मी बोट तसंच ठेवून पाच विमानं मोजली. आवाज एकाचाही नाही. पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले तर सहाव्याचा कानठळ्या बसवणारा आवाज आला.

इथे मी खरं सांगते, कारण दुसरं काही मला जमत नाही. मला भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझे खांदे कानांपासून खाली आले होते. हेडफोन खुंटीला टांगून ठेवला होता, त्याच्यावर धूळ बसली. जेवण चवीचं लागायचं, झोप यायची. असं घर असतं तर माझं शिक्षण किती सोपं झालं असतं, असंही मनात आलं.

तीस जुलैला सकाळी बाबा पलंगाच्या कडेला बसून खोकत होते. पाठ हलत होती, हात छातीवर होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दारात उभी राहून बघत होते. खोली शांत होती. खोकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय बघून राहिलीस?" हे मला स्वच्छ ऐकू आलं.

मी वही काढली. दहा, नऊ, आठ, सात. मोटर, कुकर, विमानं, खोकला. माझ्याच अक्षरात, माझ्याच क्रमाने. खालची ओळ सहाची होती.

त्या ओळीवर मी काट मारली. मग ते पान फाडलं. मग वाटलं फाडून काय होणार, आधीच्या ओळी घराने वाचाव्यात म्हणून मी थोड्याच लिहिल्या होत्या. लिहिल्यामुळे झालं की खरं असल्यामुळे झालं, हे मला अजून माहीत नाही. मी नव्या पानावर लिहिलं, बाबांची हाक, शून्य. ते खोटं होतं.

सुशांतला फोन केला. तारखांसकट सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, हे मान्य करायला हवं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुला आवाज आला तरी त्रास, नाही आला तरी त्रास. बाबा ठीक आहेत ना? मग झालं."

मी तारखा मांडल्या. तीन, बारा, एकवीस, तीस. मधे नऊ दिवस, प्रत्येक वेळी नेमके नऊ. म्हणजे पुढची आठ ऑगस्ट. मी सात तारखेला सामान हलवणारे ठरवले, एक दिवस हातात ठेवून. इलेक्ट्रॉनिक सिटीत, उड्डाणपुलाला लागून, एक घर दहा मिनिटंही उभं न राहता घेतलं. बाबा म्हणाले, "अगं पण मला तर बरं वाटते इथे." मी म्हटलं, मला नाही.

माझा हिशोब बरोबर होता. मोजमापात चूक नव्हती. फक्त तीन वेळा नऊ दिवसांनी झालं म्हणून चौथ्यांदाही तसंच होईल, हे मला कुणी सांगितलं होतं, तर कुणीच नाही.

पाच ऑगस्टला दुपारी मी टेबलाशी मिक्सरचा रिपोर्ट लिहीत होते. हेडफोन खुंटीवर होता. दार उघडं होतं. चार वाजून बावीस मिनिटांनी मला करपलेल्या दुधाचा वास आला.

वास त्या घराने कधी घेतले नाहीत.

स्वयंपाकघरात पातेलं काळं झालं होतं. मी गॅस बंद केला. बाबा तिथे नव्हते, खोलीत नव्हते. बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

ते फरशीवर कुशीवर पडले होते, एक पाय नको तसा वळलेला. तोंड उघडं होतं. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ते हाक मारत होते.

मी दोन फुटांवर उभी होते. नळाचा थेंब ऐकू येत होता. हाक येत नव्हती.

मग मला बघून त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "पडलो ना बेटा." ते शब्द मला नीट ऐकू आले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात शुद्धीवर येता येता ते खोकले आणि तो खोकला मला ऐकू आला. सात गुणांचा, घशातून खरवडत येणारा, मी ज्याला आयुष्यभर कंटाळले तो. मी पलंगाचा दांडा धरून रडले. सुशांत पुण्याहून येऊन शेजारी उभा होता.

बाबा म्हणाले, "किती हाका मारल्या गं तुला."

"मला ऐकू आलं नाही, बाबा."

"असं कसं? तू ओ देत होतीस ना."

सुशांतने माझ्याकडे पाहिलं.

"दर वेळी म्हणायचीस, आले हं, बाबा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आले हं, आले हं. वीस मिनिटं. म्हटलं, पोरगी कामात असेल."

बाहेर कॉरिडॉरमध्ये सुशांत बोलला ते हळूच बोलला. हेडफोन लावून बसली होतीस, तोंडाने ओ देत होतीस आणि उठली नाहीस, असं त्याला वाटलं. मी नाही म्हटलं. पुन्हा तारखा सांगायला लागले तर त्याने हात वर केला. म्हणाला, "बाबा तुझ्याकडेच राहणार म्हणताहेत, मी अडवत नाही. पण हे घराचं प्रकरण आजपासून बंद. मला नाही, बाबांना नाही, कुणालाच सांगायचं नाही. पुन्हा तुझ्या तोंडून ऐकलं की मी समजेन तुला झेपत नाहीये, आणि त्यांना घेऊन जाईन."

मी शब्द दिला. एकदा शब्द दिला की मला तो पाळावाच लागतो, हा माझा आणखी एक दोष.

किल्ली द्यायला गेले तेव्हा मल्लाप्पांनी विचारलं, "काही त्रास झाला घरात?" ते उत्तराची वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, हे आता कळतं. मी म्हटलं, नाही. इतक्या घरांच्या इतक्या तक्रारी मी इतक्या लोकांना ऐकवल्या, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसले.

उड्डाणपुलाजवळच्या घरात सगळं ऐकू येतं. बस, ट्रक, हॉर्न, खालच्या दर्शिनीतली, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलातली, भांडी. मी हेडफोन लावते, पण एकाच कानाला. बाबा काठी घेऊन चालतात, भुरके मारतात, हाका मारतात. मी प्रत्येक हाकेला उठून जाते, ओ देत नाही. त्यांना सुरुवातीला ते विचित्र वाटलं, मग सवय झाली. वही मी ठेवत नाही.

मार्चमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दुपारचे चार वाजायला पाच मिनिटं होती, बाबा नुकते चहा गाळत होते. बाई मराठी होती. नाव यशश्री, मुंबईची, मल्लाप्पांच्या घरात नोव्हेंबरपासून राहत होती. नंबर त्यांच्याकडूनच घेतलेला.

"सॉरी हं, तुम्हाला विचित्र वाटेल," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाला शालू म्हणतात का?"

मी हो म्हटलं.

"आमच्या बाथरूममध्ये रोज चार वाजता कुणीतरी शालू, शालू म्हणून हाका मारतं. म्हातारे गृहस्थ. नवऱ्याला वाटतं पाइपमधून शेजारचा टीव्ही येतोय. मल्लाप्पा अंकलना विचारलं तर त्यांनी तुमचा नंबर दिला फक्त. थांबा, आता होईलच. ऐकवते."

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा बशी घेऊन समोर बसले होते.

आधी कुकरची शिट्टी झाली. ती मला ओळखू आली, जुनी, थोडी फाटकी. मग खोकला. मग हाक. चंद्रपूरला ऐकू जाईल अशी, पण मधे मधे तुटणारी, कण्हणारी. मी कधीच न ऐकलेली.

बाबांनी बशी खाली ठेवली. ते माझ्यासमोर बसले होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"शालू. अगं शालू."

"आले हं, बाबा," फोनमधून माझा आवाज म्हणाला. शांत, जरा वैतागलेला, काम चालू असताना असतो तसा.

"ही बाई कोण ते पण कळत नाही," यशश्री म्हणाली. "बाकी घर छान आहे हो. एवढं शांत. इथे आले तेव्हा सातवा लागला होता मला. बाळ झाल्यावर महिनाभर फार रडायचं, मला अगदी वेड लागायची पाळी आली होती. आता आठ दिवस झाले, एकदाही रडलं नाही. गुणी झालंय अगदी."

मी बाबांकडे पाहिलं. सुशांतला दिलेला शब्द त्यांना माहीत नव्हता असं मी समजत होते.

"सांग तिला," बाबा म्हणाले. "सुशांतचं मी बघतो."

"यशश्री," मी म्हटलं, "बाळ आत्ता कुठे आहे?"

"आतल्या खोलीत, पाळण्यात. दार लोटलंय. का हो?"

"तू आत जा. ऐकत थांबू नकोस, जाऊन त्याच्याकडे बघ."

"जाते की. पण झालं काय?"

तेवढ्यात तिच्या मागून, लांबून, लोटलेल्या दाराच्या पलीकडून असावा तसा एका बाईचा आवाज आला. "आले हं, सोन्या."

"तू आत्ता बाळाला काही म्हणालीस?" मी विचारलं.

"नाही तर," यशश्री म्हणाली. "मी तुमच्याशीच बोलतेय."